दारापासून ओट्यापर्यंत

आप्पासाहेबांनी कुणालाही न विचारता काही केलं, असं औशात कुणाच्या पाहण्यात नव्हतं. बियाणं कुठलं घ्यायचं हे ते आधी दुकानात विचारत, मग शेजारच्या वावरात विचारत, मग एसटीत खेटून बसलेल्या अनोळखी माणसालाही विचारत, आणि एवढं सगळं झाल्यावर घरी येऊन कस्तुराबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं बियाणं पेरत. ऐकावे जनाचे आणि करावे मनाचे, असं म्हणतात. आप्पासाहेब ऐकत जनाचं आणि करत बायकोचं. यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, आणि सोयाबीनही बहुतेक वेळा बरं आलं. अशा माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा शब्द मोडला, आणि तोही स्वयंपाकघराच्या फरशीपायी, म्हणून ही हकीकत सांगायची.

त्यांची उमेदीची वर्षं गेली ती औशापासून थोडं आत असलेल्या खेड्यात, मातीच्या घरात. तिथल्या स्वयंपाकघराची जमीन शेणानं सारवलेली असे. ठरलेल्या वारी, सणावाराला, आणि पाहुणा येणार असला की मधेच एकदा, कस्तुराबाई उकिडव्या बसून ती जमीन सारवत. आप्पासाहेब शेतातून यायचे, दारात उभे राहायचे आणि विचारायचे, “झालं का?” आतून उत्तर यायचं, “थांबा जरा, वलं हाय.” मग ते चौकटीला टेकून सुपारी कातरत उभे राहायचे. संसारभर हे असं चाललं. त्या सारवण्यात बायकोचे गुडघे झिजत होते, हे त्यांना गुडघे गेल्यावर कळलं.

औशात घर बांधलं ते त्या गुडघ्यांसाठीच. कस्तुराबाईंनी उभ्यानं स्वयंपाक करावा म्हणून ओटा, आणि लातूरच्या दवाखान्यात एका गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जमिनीवर टेकायचं नाही. एकुलती एक लेक शिल्पा नांदेडला शाळेत शिक्षिका. तिनं फोनवरून फरशीसुद्धा निवडली. मोठी गुळगुळीत फरशी घ्यायची नाही, माय घसरेल. लहान आणि खरबरीत तुकडे घ्यायचे, मधल्या फटी पायाला धरून ठेवतात. शिल्पाचं बोलणं असंच, विद्यार्थ्यांना गृहपाठ दिल्यासारखं. ऑपरेशनला येऊन परत जाताना तिनं आणखी एक गोष्ट ठरवून टाकली होती. गुडघ्याला पुन्हा काही झालं, किंवा आप्पांना घर झेपेना असं दिसलं, तर मायला नांदेडला घेऊन जायचं. आप्पांनी पाहिजे तर यावं. पण शेत सोडून आप्पा येणार नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्या दोघांनाही.

म्हणून कस्तुराबाई पलंगावर होत्या तोवर आप्पासाहेबांनी कंबर कसून स्वयंपाक केला. पहिल्या भाकरीला कडा नव्हत्या, दुसरीला मधला भाग नव्हता. तिसरी तव्यावरून सरळ गायीला गेली. पण माणूस चिकट होता. पिठलं जमलं, वरण जमलं, पुढं पुढं भाकरीही जमली, म्हणजे खाता येईल इतकी जमली. कस्तुराबाई पलंगावरून म्हणत, “चांगली झालीय,” आणि पाण्याच्या घोटाबरोबर घास खाली ढकलत. आप्पासाहेबांना एवढं प्रशस्तिपत्र पुरेसं होतं.

कस्तुराबाई काठी घेऊन हिंडायला लागल्या आणि सगळं सुरळीत होतंय असं वाटायला लागलं, तेव्हाच तो शनिवार आला. दुसऱ्या दिवशी शिल्पा यायची होती. तिला भाजायला ओल्या शेंगा न्याव्यात म्हणून आप्पासाहेब शेतात गेले, आणि पिशवी भरून घरी आले तर स्वयंपाकघरात कस्तुराबाई जमिनीवर. एक पाय लांब सोडलेला, दुसरा दुमडलेला, हातात दात घासायचा जुना ब्रश, आणि ओट्याखालची एक फट त्या जीव लावून रगडत होत्या.

शेंगांची पिशवी दारातच पडली. आप्पासाहेब आयुष्यात ओरडले नसतील इतकं ओरडले. “नवा गुडघा काय मोंढ्यात मिळतो का? कशापायी बसलीस खाली?”

“डाग होता,” कस्तुराबाई म्हणाल्या.

त्यांना उठवता उठवता दोघं घामाघूम झाले. गुडघ्याला काही झालं नव्हतं, पण आप्पासाहेबांना एक कळून चुकलं. ही बाई डाग दिसला की बसणारच. आज नाही तर उद्या, आपण शेतात असताना बसणार. आणि एक दिवस बसलेली उठायची नाही, मग शिल्पा गाडी घेऊन येणार आणि हे घर रिकामं होणार. त्यांना खरोखर भीती वाटली.

आता डाग पडूच द्यायचे नाहीत, यावर उपाय काय, हे विचारत ते निघाले. विरूपाक्षच्या दुकानातून फरशी घेतली होती, म्हणून पहिल्यांदा तिथं गेले. विरूपाक्ष गल्ल्यावरून उठला नाही, पण नीट समजावून सांगितलं. फटीत भरतात ते ग्राउट सिमेंटचं असतं. ते तहानलेलं असतं, जे सांडेल ते पितं, आणि हळद प्यायलं की विषय संपला. “एका फटीवर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मुरला अन् जागा काळी पडली तर सीलर लावा, म्हणजे फटीचं तोंड बंद करायचं औषध. थेंब तसाच बसून राहिला तर घरी झोपा.” आप्पासाहेबांनी घरी येऊन थेंब टाकला. फटीनं तो असा ओढून घेतला की पाहता पाहता दिसेनासा झाला.

पण एवढ्यावर थांबले तर ते आप्पासाहेब कसले. त्यांनी शेषेरावांना विचारलं. शेषेराव म्हणजे सोबत शाळा सुटलेले दोस्त, सकाळी हॉटेलात भेटायचे. ते म्हणाले, “खामखा नाद करू नको. माझ्या पोरानं लावलं, अन् सगळी फरशी चिकट झाली. पाय उचलला की चप्पल खालीच.” मग आप्पासाहेब पुन्हा विरूपाक्षकडे. विरूपाक्ष म्हणाला, शेषेरावांच्या पोरानं फरशीवर सांडलेलं पुसलं नसेल. फटीवर लावायचं आणि फरशीवर आलेलं लगेच फडक्यानं टिपायचं. मग फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन. मिस्त्री म्हणाला, “लावा की. न लावलं तरी चालतंय.” शिल्पाचं त्या रविवारचं येणं शाळेच्या कामामुळं राहून गेलं होतं; तिला फोन केला तर ती म्हणाली, “हे अजून झालं नाही का आप्पा?”

शेवटी रिवाजाप्रमाणे कस्तुराबाईंना विचारलं. त्या तूर निवडत होत्या, खुर्चीवर बसून, मांडीवर सूप.

“कशाला ते? दिवसभर स्वयंपाकघर बंद. पुसते की मी.”

बाकी काही म्हणाल्या असत्या तर आप्पासाहेबांनी ऐकलं असतं. पण त्या ‘पुसते की मी’नं त्यांचं ठरलं. त्यांनी मान डोलावली, विषय बदलला, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बाटली घेऊन आले.

शेजारच्या गौरम्मांकडे पापड होते, त्या दिवसाचा मुहूर्त धरला. गौरम्मा म्हणजे भिंतीला भिंत लागलेलं घर. कस्तुराबाईंना ‘अक्का’ म्हणत आणि त्यांच्यावाचून पापडाचं पीठ मळत नसत. कस्तुराबाई काठी टेकत तिकडे गेल्या. फटी आदल्या रोजीच सोड्यानं घासून झाल्या होत्या, शेतातल्या मातीचं निमित्त सांगून. रात्रभर पंखा लावून वाळवल्याही होत्या. आप्पासाहेबांनी धोतर खोचलं, खिडकी उघडली, ब्रश बाटलीत बुडवला आणि दाराशी बसले.

आता सारवणं त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. सारवताना मागं मागं सरकायचं असतं, पुढं गेलं की आपलंच काम आपण तुडवतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. फक्त जमीन त्यांनी कायम दारातून पाहिलेली होती. त्यामुळे त्यांच्या हिशेबानं ती दारापासून सुरू होत होती. दाराकडे तोंड करून त्यांनी पहिली ओळ भरली, फडक्यानं टिपली, एक ओळ मागं सरकले, दुसरी भरली. हात बसला. खरबरीत लहान फरशा, त्यांच्या फटी मोजायच्या म्हटल्या तर शिल्पाच्या वर्गातली पोरं लागली असती; पण आप्पासाहेबांनी तणकाट काढावं तशा एकेक निगुतीनं उरकल्या. एकदाही चिकट राहू दिलं नाही. आपल्याला हे असं काही येतं, याचं त्यांना नवल वाटलं आणि मनातून ते खूश झाले. शेवटची फट ओट्याखाली भरली, टिपली, आणि समाधानानं कंबर सरळ करायला मागं टेकले ते ओट्यालाच टेकले.

समोर सगळी ओली फरशी, आणि पल्याड दार.

विरूपाक्षनं बजावलं होतं की दुपार टळेपर्यंत फटीवर पाय पडता कामा नये. कुठल्या बाजूनं बाहेर पडायचं ते आधी ठरवा, असं मात्र तो बोलला नव्हता. हे कुणाला सांगावं लागतं असं त्याला वाटलं नसणार. आप्पासाहेबांनी एक फरशी सोडून दुसरीवर पाय टाकायचा विचार केला, पण त्यांचा पाय एका फरशीत मावणारा नव्हता. चपलांच्या दुकानात त्यांचं माप नेहमी आतून शोधून आणावं लागतं. ते तिथंच, ओट्यालगतच्या बिनफटीच्या दगडी पट्टीवर, डाळीचा रिकामा डबा उपडा घालून बसले.

जेवणवेळेला काठीची टकटक ऐकू आली. कस्तुराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी फरशीकडे पाहिलं, मग बाटलीकडे, मग कोपऱ्यात डब्यावर बसलेल्या नवऱ्याकडे.

“काय करूलालाव वो तिथं?”

“थांब जरा,” आप्पासाहेब म्हणाले. “वलं हाय.”

कस्तुराबाईंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी चौकटीला हात टेकला आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. आप्पासाहेब आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

“पाठ दाराकडं पायजे,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “आतल्या भिंतीपासून सुरू करायचं अन् दारात येऊन उठायचं. इतके वर्ष दारात उभं राहून काय बघितलं मग?”

“तुझी पाठ,” आप्पासाहेब म्हणाले. ते चेष्टेनं म्हणाले नव्हते. खरंच दारातून दुसरं काही दिसत नसे.

 कस्तुराबाई चौकटीला टेकल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “भूक लागली. गौरम्मानं लाटी खायला दिली, पण तिनं काय होतंय.”

गॅस आप्पासाहेबांकडे, पीठ आप्पासाहेबांकडे, कढई आप्पासाहेबांकडे. ते उठले. दोन कांदे कापले, बेसन कालवलं, फोडणी घातली. दारातून सूचना येत होत्या, मीठ आत्ता नको, आच कमी करा, झाकण ठेवा. आणि मधेच एकदा, ध्यानीमनी नसताना, कस्तुराबाई म्हणाल्या, “झालं का?”

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं. भाकरी तव्यावर होती म्हणून आप्पासाहेब पुन्हा तव्याकडे वळले.

जेवण द्यायचं कसं हा सवाल होताच. फरशीवरून ताट जाणार नव्हतं. मग कस्तुराबाई घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या, धुण्याच्या दगडाजवळ खुर्ची ओढली आणि ओट्यावरच्या खिडकीखाली बसल्या. आप्पासाहेबांनी भाकरीवर पिठलं घातलं, गुंडाळी केली आणि गजातून बाहेर दिली. वरून एक हिरवी मिरची दिली.

भिंतीपलीकडून गौरम्मांचं डोकं वर आलं. “काय अक्का, आप्पा आत अन् तुमी भायेर? कोंडून घातलं का काय त्यांना?”

“त्यांनीच घेतलं कोंडून,” कस्तुराबाई म्हणाल्या. “पिठलं मात्र चांगलं झालंय.” आणि या वेळेस पाण्याचा घोट घेतला नाही.

गौरम्मा हसत पापडांकडे गेल्या. आप्पासाहेब आत उभ्यानंच जेवले. उन्हं कलली होती, खिडकीतून तिरपा उजेड ओट्याखाली पडला होता, आणि त्या उजेडात त्यांना पायाशी एक फट पिवळी दिसली. सोड्यानं फिकट झालेली, पण पिवळीच. आता तिच्यावर सीलर बसलं होतं, म्हणजे आत जे होतं ते आतच राहणार.

“हे एक राहिलं बघ,” ते खिडकीतून म्हणाले. “हळदीचं. त्या दिवशी तू रगडत होतीस ते हेच का?”

“हेच.”

“कवा सांडलीस?”

“मी कवा सांडायला? मी तवा पलंगावर होते. दवाखान्यातून आणलं त्या दिवशी तुम्ही हळदीचं दूध केलं होतं ना? कपात अर्धंच होतं. बाकीचं हे.”

आप्पासाहेबांना आठवलं. दूध उतू गेलं होतं, ते घाबरून उचलताना हात भाजला होता. ‘एवढंच पी, जास्त चांगलं नसतं,’ असं काहीतरी ते बायकोला म्हणाले होते, आणि खालचं पुसायचं पार विसरून गेले होते.

“मग मला सांगायचं होतं. तू कामून बसलीस खाली?”

कस्तुराबाईंनी उरलेला घास संपवला. “शिल्पा येणार होती. ती आल्या आल्या फरशी बघती. म्हनली असती, आप्पाला घर जमत न्हाई, चल माय नांदेडला. तुम्ही तर शेंगा आणायला गेलते. मग कोण पुसणार?”

आप्पासाहेब खिडकीशी उभे राहिले. ज्या दिवशी ते तोंडाला येईल ते बोलले होते, त्या दिवशी ही बाई त्यांचा डाग काढायला खाली बसली होती, या घरातून जावं लागू नये म्हणून.  त्यांनी गजातून हात बाहेर काढला आणि तिच्या डोक्यावरचा पदर उगीच नीट केला. पदर नीटच होता.

“पाणी द्या,” कस्तुराबाई म्हणाल्या.

दुपार टळली तेव्हा आप्पासाहेबांनी बोटानं एका फटीवर थेंब सोडला. अळूच्या पानावर राहावा तसा तो बसून राहिला. मग ते चवड्यांवर चालत दारापर्यंत आले. कस्तुराबाईंनी ते परगावाहून आल्यासारखं विचारलं, “आलात का?”

त्या दिवसापासून फरशी पुसणं आप्पासाहेबांकडे आलं. जेवणं झाली की ते फडकं घेऊन बसतात आणि कस्तुराबाई खुर्चीवर बसून काठीनं जागा दाखवतात. शेषेरावांनी हॉटेलात चेष्टा करून पाहिली. आप्पासाहेब म्हणाले, “तुझ्या घरची चिकट फरशी दाखव, तीबी पुसून देतो.” पुढं तो विषय निघाला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शिल्पा आली. चपला काढल्या, मायचा गुडघा पाहिला, आणि मग स्वयंपाकघरात गेली. फरशी पाहिली, फटींवर पाणी शिंपडून पाहिलं. थेंब थेंबासारखे राहिले. ती खूश झाली, वर्गातल्या पोराचं उत्तर बरोबर आल्यावर होते तशी. मग वाकून ओट्याखाली पाहिलं.

“आणि हे पिवळं काय?”

कस्तुराबाईंनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी आप्पासाहेब बोलले.

“ते माझं हाय. दूध सांडलं होतं. तुझ्या मायनं ते काढायला गुडघा पणाला लावला, म्हणून मी सीलर लावलं. आता ते निघत न्हाई.”

शिल्पानं वडिलांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. नांदेडचा विषय तिच्या ओठांवर होता की नव्हता ते तिचं तिला ठाऊक. ती म्हणाली, “चहा कोण करणार?” आणि आप्पासाहेब उठले. चहा केला, तिला दिला, आणि देताना थोडा सांडला. त्यांनी न बोलता फडकं घेतलं आणि खाली बसले.

“पाठ दाराकडं,” खुर्चीवरून कस्तुराबाई म्हणाल्या.

आप्पासाहेब बसल्या जागी वळले.